तीनशे बारा पानांचा ठोकताळा

...आणि वर मलाच म्हणतो, "काका, तुम्ही उगाच टेन्शन घेता, ठोकताळा आहे आपला!" ठोकताळा! अरे, काय ठोकताळा? तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं मी हायस्कुलात गणित शिकवलं, छत्तीस वर्षं खडूने हात पांढरे करून पोरांना ताळा शिकवला, म्हणजे भागाकार केलात ना, आता उलट गुणा, बाकी मिळवा, मूळची संख्या आली? आली तर पुढे चला, नाही तर खोडा आणि पुन्हा करा. याला म्हणतात ताळा! आणि ठोक म्हणजे काय, तर ठोकून देणे. आता हे मी कोशात काही बघितलेलं नाही हां, हा माझा आपला... जाऊ दे, काय ते समजून घ्या. मुद्दा असा की ताळा शेवटी करायचा असतो, आणि हे लोक आधी ठोकतात आणि मग ठोकलेल्यालाच ताळा म्हणतात!

बरं, मराठीत काय शब्दांचा दुष्काळ पडलाय का? अंदाज आहे की. गरीब शब्द आहे बिचारा, 'अंदाजे' म्हणताना माणूस मान जरा तिरकी करतो, चुकलो तर रागावू नका असं तोंड करतो. अटकळ आहे, ती माणूस मनातल्या मनात बांधतो, कोणाला उपद्रव नाही. आडाखा आहे, तो निवडणुकीच्या आधी पारावर बांधतात आणि निकालाच्या दिवशी त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पण ठोकताळा? तो छाती काढून येतो! ठोकताळा म्हणजे काय सांगू तुम्हाला, बढती मिळालेला अंदाज. दोनदा चुकून खरा ठरला की तिसऱ्यांदा त्याला नोकरीत कायम करतात, मग त्याला कोणी विचारायचं नाही, हात लावायचा नाही, आणि चुकला तर चूक त्याची नाही, जगाची!

आमच्या शेजारचा संदेश. हा फणसावर टिचक्या मारतो, कान लावतो, डॉक्टरने छाती तपासावी तसा, आणि सांगतो, "परवा पिकणार, मास्तर. कापा आहे, कोरडे गरे." परवा गेला, तेरवा गेला, सहाव्या दिवशी फोडला तर निघाला बरका, सगळा हाताला बिलगला! म्हटलं, संदेश, काय रे हे? तर म्हणतो, "ठोकताळा बरोबर होता, मास्तर, फणस चुकला." फणस चुकला!

हां, तर सांगत होतो आमच्या वास्तुशांतीचं. मी भास्कर मास्तर, पूर्णगडच्या जरा अलीकडे आमची वाडी, तिथे निवृत्त झाल्यावर घर बांधलं. घर म्हणजे काही राजवाडा नाही, चिऱ्याचं आहे, पाच खोल्या, पुढे पडवी. पण वास्तुशांत मला दणक्यात करायची होती. का? तर तेच तर सांगतोय!

आमच्या घराण्याला गावात म्हणतात 'भातसंपे'. हसू नका. आडनाव वेगळं आहे आमचं, चांगलं आहे, पण ते फक्त रेशनकार्डावर. गावात विचारा, भातसंप्यांचं घर कुठलं, लहान पोरगं हात धरून आणून सोडेल. हे नाव पडलं अठ्ठावन्न वर्षांपूर्वी, माझ्या मुंजीत. मी आठ वर्षांचा, डोकं तुळतुळीत, पाटावर बसलेला. माझ्या काकांनी सांगितलं होतं, "शंभर पानं होतील, ठोकताळा आहे आपला." आली दीडशे! पंगत बसलेली, वरण वाढून झालेलं, आणि भात संपला. नुसतं वरण पानावरून ओघळत होतं आणि माणसं एकमेकांकडे बघत होती. माझी आई माजघराच्या दाराआड उभी होती, पदर तोंडात धरून. मला ते अजून दिसतं. त्यानंतर ती सत्तावीस वर्षं जगली, आणि घरात दोन पाव्हणे आले तरी सहाजणांचा भात टाकायची, आणि उरलेला रात्री एकटी खायची. कोणाला काही म्हणाली नाही. काकांना तर नाहीच. काका आपले मरेपर्यंत सांगत होते, "शंभराचा ठोकताळा बरोबर होता हो, लोकच जास्त आले!"

वर्गात मी फळ्याकडे वळलो ना, की मागून कोणीतरी हळूच, "भात... संपेऽऽ." छत्तीस वर्षं! म्हणून ठरवलं, या घरात पहिला भात शिजेल तो मोजून शिजेल, आणि भातसंपे हे नाव इथल्या इथे, या अंगणात, कायमचं पुसून टाकीन.

मग काय, दोनशे पानी वही घेतली, रेघा मारल्या, आणि चैत्र लागल्या लागल्या वाडीत घरोघर गेलो. आमंत्रण चूलबंद! चूलबंद म्हणजे माहीत आहे ना? घरटी एक माणूस नाही, सगळंच्या सगळं घर जेवायला यायचं, त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही. एकदम तोलाचं आमंत्रण. आता चूलबंद म्हटलं की यजमानाने गप्प नमस्कार करून पुढच्या घरी जायचं असतं, पण मी विचारलं, "किती जण?"

झालं! आमच्याकडे तुम्ही माणसाला काय वाटेल ते विचारा, त्याचं दुखणं विचारा, कोर्टातली केस विचारा, पण जेवायला किती येणार विचारू नका. उत्तर नाही! एक म्हणतो, "येऊ की." दुसरा म्हणतो, "बघू तर." म्हटलं, बघू म्हणजे किती? तर म्हणतो, "आता तुम्ही एवढं आलात, म्हणजे यायलाच हवं." किती, बाबा, किती? "जमेल तसं." जनीकडे गेलो, तर ती अंगणात सुकटं वाळत घालत होती, तिने मान वर करून बघितलंदेखील नाही, "माणसं काय मोजून नेऊ, मास्तर? बकऱ्या हायत?"

पण मी सोडतो काय! ओटीवरच्या चपला मोजल्या, दांडीवरचे कपडे बघितले, पोरांना शेंगदाण्याची चिक्की देऊन नावं विचारली, आणि लिहिली. जनी, चार. त्रेसष्ट घरं! घरवार बेरीज केली, तीनशे बारा. मग ताळा केला, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, पोरं वेगळी, बेरीज? तीनशे बारा! इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशी शाल घेताना झाला नव्हता. वही बंद केली आणि आमच्या हिला म्हटलं, "वासंती, ऐक. तीनशे बारा." ही कोकम सोलत होती. म्हणाली, "बरं." नुसतं बरं!

आता पुढे ऐका. आचारी ठरवायचं काम माझ्या पुतण्याकडे, सर्वेशकडे. हा रत्नागिरीत असतो, चार ठिकाणी ओळखी आहेत. त्याला वहीचा फोटो पाठवला, खाली लाल शाईने दोन रेघा, तीनशे बारा. त्याने अंगठा पाठवला. मी समजलो, काम फत्ते. आचारी कोण, तर देवरूखचा दादू, मोठा नावाजलेला, आणि त्याच्याबरोबर तांदळाचं माप बघायला गंगुबाई. आता नीट लक्षात ठेवा, माझ्याकडून निघालेले तीनशे बारा, सर्वेशकडून दादूकडे, दादूकडून गंगुबाईकडे, आणि गंगुबाईकडून टोपात. सरळ रस्ता आहे की नाही? मध्ये कुठे खड्डा दिसतो का तुम्हाला?

वैशाखात, मे महिन्याच्या ऐन मध्यावर मुहूर्त. सकाळी होम झाला, धूर झाला, गुरुजींना घाम, मला घाम. मांडवात एका वेळी ऐंशी पानं मांडलेली. साडेबाराला पहिली पंगत बसली, अळूची भाजी, फणसाची भाजी, डाळिंब्यांची उसळ, सगळं कसं जिथल्या तिथे. मी वही काखेत धरून फिरतोय, आग्रह करतोय, "घ्या हो, भात घ्या, भरपूर आहे!" भरपूर आहे! हे शब्द म्हणायला मी अठ्ठावन्न वर्षं थांबलो होतो.

दुसरी पंगत बसली. वाढपी भात घेऊन निघाला, मी सवयीने मनातल्या मनात पानं मोजतोय, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास... आणि पन्नासाव्या पानापाशी टोपात खरडल्याचा आवाज आला. कर्र! तो आवाज मी ओळखतो. आठ वर्षांचा असताना ऐकलाय.

आणि एकावन्नावं पान कोणाचं असावं? तुळसाबायचं! आता तुळसाबाय कोण, तर आमच्या वाडीतली सगळ्यात जुनी बाई, सत्तरीची, आणि माझ्या मुंजीला ती होती, परकर नेसलेली पोर. तिने पानाकडे बघितलं, वरणाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "मास्तर, तवाबी माज्याच पानाशी संपला होता."

अहो, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं! मी मागे वळलो तर दारात माणसं उभी. मोजली. ठोकताळा नाही, मोजली! अडीचशे! ही आली कुठून? पुढे जनी, तिच्यामागे तिची म्हणून अकरा माणसं. म्हटलं, जनी, तुझी चार लिहिलीत मी! तर म्हणते, "चार चैत्रात होती, मास्तर. आता मे म्हयना. मुंबैची आली ना सगळी. चूलबंद सांगितलंत तुमी, मग चुलीवरची सगळी आणली. पावण्यांना काय कडी लावून घरात ठेवू?"

हे माझ्या लक्षात येऊ नये? कोकणात जन्म गेला माझा, मे महिन्यात घरं फुगतात हे शेंबड्या पोराला ठाऊक, आणि मी चैत्रात माणसं मोजून वैशाखात जेवायला घालायला निघालो! हे एक झालं. ही चूक माझी, मान्य. पण तीनशे बारांना तरी भात पुरायला हवा ना? एकशे तिसाव्या पानाला संपतो कसा?

आणि तेवढ्यात तुळसाबाय पानावरून उठली. पानावरून! न जेवता! कार्याच्या घरी भरल्या पानावरून माणूस उठतं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. तिने दुसऱ्या दोघी-तिघींना खूण केली, त्याही उठल्या, आणि मांडवाबाहेर चालू लागल्या. म्हटलं, झालं. आता हे नाव माझ्या नातवंडांपर्यंत जाणार.

मी तडक चुलाण्याकडे गेलो. पहिली गंगुबाई. म्हटलं, "बाई, किती पानांचा भात घातलात?" ती पदराने तोंड पुसत म्हणते, "दादू बोलला एकशे त्रेसष्ट. पन त्यो नेहमी वाढवून सांगतो, म्हनून पाचवा हिस्सा कमी घातला. ठोकताळा हाय आपला." एकशे तीस! आणि बरोब्बर एकशे तीस पानांना पुरला हो! माप अगदी सोन्याच्या काट्याचं, फक्त माणसं भलतीच! मग दादू. "दादू, एकशे त्रेसष्ट कुठून काढलास?" तो झारा खाली न ठेवता म्हणतो, "मास्तर, पस्तीस वर्सं पानं वाढतोय. यजमान आकडा फुगवतोच. चौथा हिस्सा काढायचा. दोनशे अठराचे किती झाले?" एकशे साडेत्रेसष्ट! अर्धा माणूस कुठे टाकलास, दादू? "त्यो तुमीच शोधा." आणि मग सर्वेश! मोबाइल कानाला लावून मांडवाच्या खांबाआड उभा. म्हटलं, "मी तीनशे बारा पाठवले, तू दोनशे अठरा का सांगितलेस?" तर म्हणतो, "काका, शंभर बोलावले की सत्तर येतात, हे सगळीकडे असंच असतं. तुम्ही उगाच टेन्शन घेता, ठोकताळा आहे आपला!"

म्हणजे बघा! प्रत्येकाला वाटतंय की कात्री लावणारा शहाणा मी एकटाच. याने कापलं, त्याने कापलं, तिने कापलं, आणि एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही की बाबा, तू आधीच कापलंयस का? माझी तीनशे बारा माणसं, नावनिशीवार, लाल शाईत, देवरूखहून फिरून येईस्तोवर एकशे तीस झाली! साथीच्या रोगातसुद्धा एवढी कमी होत नाहीत हो!

आता मी सर्वेशला काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. पण बोलता बोलता मध्येच थांबलो. का? तर शिट्टी ऐकू आली. कुकरची. आमच्या घरात कुकर लावलेला नव्हता. मग दुसरी शिट्टी, माडांच्या पलीकडून. मग तिसरी, खालच्या अंगाने. मी मांडवाबाहेर येऊन बघतो, तर वाडीत घराघरातून धूर! ज्यांच्याकडे गॅस त्यांच्या शिट्ट्या, ज्यांच्याकडे चूल त्यांचा धूर. तुळसाबाय रागाने उठली नव्हती, ती चूल पेटवायला उठली होती. वाटेत प्रत्येक दारात ओरडत गेली म्हणे, "उठा गो, भात टाका! मास्तरांकडे माणूस उभं हाय!" आणि आलेल्या बायका, मुंबईच्यासुद्धा, नेसल्या साड्यांनिशी परत आपापल्या घरी! मी चूलबंद आमंत्रण दिलं, आणि त्या दिवशी अख्ख्या वाडीत एक चूल बंद राहिली नाही!

मी वही घेऊन धावलो तुळसाबायकडे. म्हटलं, थांबा, अडीचशे आणि पानावर बसलेले तीस, मिळून दोनशे ऐंशी, दर माणशी किती लागेल ते गुणून, त्रेसष्ट घरांनी भागून मी आत्ता सांगतो. ती ओंजळीने तांदूळ टोपात टाकत होती. म्हणाली, "मास्तर, उजेडात येताय, बाजूला व्हा. ठोकताळा हाय आमचा."

पाऊण तासात भात आला. टोपातून, पातेल्यांतून, कुकरच्या डब्यांतून, एकीने तर झाकण सापडलं नाही म्हणून परातीवर परात उपडी घालून आणला. कुठला जाडा, कुठला बारीक, कुठला लाल, जनीचा जरा करपलेला. आणि वाढला हो! राहिलेली पंगत, तिसरी, चौथी, पाचवी, आणि उरल्या दहांची सहावी. कोणाच्या पानात कोणाचा भात काही पत्ता नाही. आणि अठ्ठावन्न वर्षांनी आमच्या अंगणात तुळसाबायच्या पानात भात पडला, तोही तिनेच शिजवलेला! मी तिला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "आता तूप वाढा, नुसते वाकू नका."

आणि गंमत बघा. भात संपला होता, पण आता कोण कोणाला भातसंपे म्हणणार? भात त्यांचाच होता की! दुसऱ्या दिवशी पारावर सगळे एकमेकांनाच विचारत होते, "करपलेला कोणाचा हो?" आमच्या घराचं नावच कोणी घेतलं नाही. आणि मला सर्वांत जास्त चीड कशाची आली सांगू? पुरला! शेवटच्या पानाला शेवटची वाढी, ना शीत कमी, ना शीत जास्त! ओंजळीने घातलेला! त्रेसष्ट बायकांनी त्रेसष्ट घरांत, एकमेकींना न विचारता! मी वहीच्या मागच्या पानावर ताळा करून बघितला. जमला. वही फेकून द्यावीशी वाटली.

माणसं गेली. मांडव रिकामा झाला. मी पडवीत टेकलो आणि तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. टोप बघितले, लखलखीत. एवढ्यात ही आली, हातात झाकलेलं केळीचं पान. भात, वरण, भाजी, सगळं. म्हणाली, "दादूचा पहिला टोप उतरला तेव्हाच काढून ठेवलं होतं. जेवा."

म्हटलं, तेव्हाच? तेव्हा तर कोणाला ठाऊकही नव्हतं भात संपणार म्हणून! तर म्हणते, "भाताचं नाही हो. तीनशे बारा नावं लिहिलीत तुम्ही, दोनदा बेरीज केलीत, पण त्यात स्वतःचं नाव नसणार, हा माझा ठोकताळा."

मी वही उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. नव्हतं माझं नाव. आणि... तिचंही नव्हतं.

म्हटलं, "वासंती, अगं, पान एकच ठेवलंस? तुझं कुठेय?" पदराने वारा घेत म्हणाली, "एकच पुरे. तुम्ही अर्धं ठेवाल, हाही ठोकताळाच आहे."

मग काय करता! ठेवलं अर्धं. भूक सपाटून लागली होती, तरी ठेवलं... न ठेवून सांगतो कोणाला? नाहीतर तुम्हाला सांगतो, तो भात सोडा, त्या फणसासारखं, तिचा ठोकताळा कसा बरोबर होता आणि मीच कसा चुकलो, हे मला पुढची अठ्ठावन्न वर्षं ऐकावं लागलं असतं!